एसपीसी घ्यावं की डब्ल्यूपीसी? आधी जुन्या फरशीवर पट्टी फिरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात चौथ्या मजल्यावर २ बीएचके, अठरा-वीस वर्षांपूर्वीची २ बाय २ ची व्हिट्रिफाइड टाइल, ती फोडायची नाहीये, वरूनच लाकडासारखं दिसणारं काहीतरी टाकायचंय. एक दुकानदार म्हणाला डब्ल्यूपीसी (वुड प्लास्टिक कॉम्पोझिट) घ्या, जाड असतं, जाड म्हणजे टिकाऊ. दुसरा म्हणाला एसपीसी (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट) सोडून दुसरं काही घेऊच नका. मेव्हण्याचं म्हणणं लॅमिनेट टाक, स्वस्तात काम होईल. घरात गुडघेदुखीवाली आई, दोन वर्षांचा मुलगा, आणि हॉलला पश्चिमेकडची मोठी स्लायडिंग खिडकी. तर नक्की काय घ्यायचं?

मी सतरा वर्षं फ्लोअरिंगचंच काम करतोय. आधी लॅमिनेट, मग ऑफिसांमधलं चिकटवायचं व्हिनाइल, आणि गेली काही वर्षं घरांमध्ये जास्त करून हे क्लिकवालं, म्हणजे पट्ट्या न चिकटवता एकमेकांत अडकवायचं. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. हॉल, पॅसेज, मुलाची खोली एसपीसी. आईच्या खोलीत डब्ल्यूपीसीचा विचार करू शकता, पण त्यालाही एक अट आहे, ती पुढे सांगतो. किचनची टाइल आहे तशी राहू द्या. लॅमिनेट तुमच्या घरात नको. आणि या सगळ्याच्या आधी, पैसे देण्याच्या आधी, जुनी टाइल किती सपाट आहे ते बघा, कारण मला दुरुस्तीला जे फोन येतात त्यातले बहुतेक मालाचे नसतात, खालच्या जमिनीचे असतात.

आता हे दोन प्रकार म्हणजे काय ते. दोन्ही क्लिकच्या व्हिनाइल पट्ट्याच, म्हणजे पीव्हीसीच्या, आणि वरून दोन्ही सारखेच. सगळ्यात वर यूव्ही कोटिंग, त्याखाली पारदर्शक वेअर लेयर (झीज सोसणारा थर), त्याखाली लाकडाचा छापील फोटो (हो, फोटोच असतो तो, सागवान वगैरे काही नाही), मग मधला गाभा म्हणजे कोअर, आणि खाली बऱ्याचदा फोमची पातळ गादी चिकटवलेली. फरक सगळा त्या कोअरमध्ये. एसपीसीत चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी, त्यातही भुकटीच जास्त, म्हणून तो दगडासारखा घट्ट आणि जड. डब्ल्यूपीसीच्या नावात वुड आहे म्हणून लोकांना वाटतं आत लाकूड आहे, पण आजकाल फ्लोअरिंगमध्ये जो डब्ल्यूपीसी मिळतो त्यात लाकडाचा भुसा नावापुरता किंवा अजिबात नसतो, तो फुगवलेला पीव्हीसी असतो, म्हणजे आत बारीक हवेचे बुडबुडे, पावासारखा. म्हणून तो जाड असूनही हलका आणि पायाला मऊ. म्हणजे तुमच्या पहिल्या दुकानदाराचं "जाड म्हणजे टिकाऊ" हे इथेच गंडतं. जाडी हवेमुळे आलीय.

आमच्या गोडाऊनमध्ये मी पोरांना एक सोपी गोष्ट शिकवली होती, बॉक्स उचलून बघा. एसपीसीच्या कोअरची घनता साधारण पाण्याच्या दुप्पट असते. १२२० बाय १८० मिमीच्या दहा पट्ट्यांचा बॉक्स म्हणजे साडेतेवीस स्क्वेअर फुटाच्या आसपास माल, आणि फोम सोडून ४ मिमी जाडी असेल तर वजन सतरा किलोच्या पुढेमागे यायला पाहिजे. ५ मिमी असेल तर एकवीस-बावीस. तेवढ्याच मापाचा बॉक्स एका हाताने सहज उचलला गेला तर एकतर जाडी कमी आहे किंवा माल एसपीसी म्हणून विकतायत आणि आत दुसरंच काहीतरी आहे. जाडी सांगतानाही फोम धरून सांगतात. "साडेपाच एमएम आहे साहेब" म्हणजे बऱ्याचदा ४ चा माल आणि दीडचा फोम. फोम वाईट नाही, पण लॉक (पट्ट्या एकमेकांत अडकवणारी कडेची खाच) फोममध्ये नसतो, कोअरमध्ये असतो, त्यामुळे विचारताना कोअर किती आणि फोम किती हे वेगवेगळं विचारा. घरासाठी मी फोम सोडून ४ च्या खाली जात नाही आणि शक्यतो ५ घ्या म्हणतो.

वेअर लेयर हा दुसरा घोळ. तो मिलमध्ये सांगतात आणि मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग. एका काकांनी मला ठासून सांगितलं होतं की त्यांना २० एमएमचा वेअर लेयर मिळतोय. अहो काका, २० मिल म्हणजे अर्धा मिलिमीटर. १२ मिल म्हणजे ०.३ मिमी, ८ मिल म्हणजे ०.२. घरात जिथे चपला बाहेर काढतात तिथे ०.३ पुरतो. कुत्रा असेल, घरातच क्लास चालत असेल, दिवसभर खुर्च्या सरकत असतील तर ०.५ घ्या. बेडरूमला ०.५ घेऊन पैसे वाया घालवू नका. दुकानात नाण्याने ओरखडून दाखवतात त्याने काही कळत नाही, कारण फ्लोअर नाण्याने नाही खराब होत, चपलेला चिकटून आलेल्या बारीक रेतीने होतो. बाजूला बिल्डिंगचं बांधकाम चालू असेल तर दाराबाहेर एक आणि आत एक असे दोन पायपुसणे ठेवा, पण आतला रबराच्या बुडाचा नको. रबरातलं रसायन व्हिनाइलमध्ये उतरतं आणि पिवळा डाग पडतो तो कशानेही जात नाही. हे मी तीन-चार घरांत बघितलंय, पायपुसणं उचललं की खाली त्याचा हुबेहूब चौकोन.

आता आईच्या खोलीची अट. डब्ल्यूपीसीचं चांगलं ते असं की चालताना मऊ लागतं, थंडीत पाय ठेवला तर टाइलसारखा गारठा चढत नाही, आणि टकटक आवाज कमी. (गारठा एसपीसीवरही टाइलपेक्षा कमीच लागतो, पण डब्ल्यूपीसीएवढं उबदार वाटत नाही.) वाईट ते असं की दाबाला खचतं. आपल्याकडच्या आईवडिलांच्या खोलीत काय असतं? जुनं लोखंडी कपाट, ज्यात साड्या, पितळेची भांडी, कागदपत्रं सगळं कोंबलेलं, आणि ते उभं कशावर तर चार छोट्या पायांवर. एका घरी वर्षभराने कपाट सरकवलं तर चार खळगे, बोटाचं टोक आरामात बसेल एवढे. त्यांनी मलाच विचारलं की माल डुप्लिकेट होता का. डुप्लिकेट नव्हता, जागा चुकीची होती. तेव्हा त्या खोलीत लोखंडी कपाट असेल तर तिथेही एसपीसीच टाका आणि पायांखाली रुंद पॅड द्या. नसेल तर डब्ल्यूपीसी चालेल, पण मग दोन्हींच्या जाडीत दीड-दोन मिमीचा फरक येतो आणि दारात उतरती पट्टी बसवावी लागते, आणि पाय घासत चालणाऱ्या माणसाला ती बारीकशी पट्टीसुद्धा ठेच द्यायला पुरते. खरं सांगू, गुडघ्यांसाठी म्हणून फक्त डब्ल्यूपीसी घेत असाल तर चांगल्या मऊ स्लिपर आणून द्या, त्याचा फरक जास्त पडेल. मी असतो तर सगळीकडे एकच एसपीसी टाकून उंबरा सपाट ठेवला असता.

एसपीसीचीही खोड आहे. कडक असल्यामुळे ठिसूळ. स्वस्त मालात भुकटी जास्त आणि पीव्हीसी कमी घालतात, मग लॉकची ओठासारखी कड बिस्किटासारखी तुटते. दुकानातून सॅम्पलचा तुकडा घ्या (देतात, देत नसतील तर दुकान बदला), लॉकची पातळ कड अंगठ्याने थोडी वाकवा. जरा लवून परत जागेवर आली तर ठीक, कट्कन तुटून भुकटी पडली तर तो माल नको. दोन तुकडे एकमेकांत घालून बघा, बसल्यावर सांध्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर मशीनचं कटिंग खराब आहे. बेल्जियमची युनिलिन आणि स्वीडनची वेलिंगे यांची लॉकची डिझाइनं आहेत, चांगले कारखाने त्यांचं लायसन घेऊन वापरतात आणि बॉक्सवर तसं लेबल असतं. ते असलंच पाहिजे असं नाही, पण असलं तर कटिंग नीट असण्याची शक्यता जास्त.

वासाचीही एक घरगुती टेस्ट सांगतो कारण तुमच्याकडे रांगायचं नुकतंच सोडलेलं मूल आहे. सॅम्पल झिपच्या पिशवीत बंद करून दोन तास उन्हात ठेवा आणि उघडून वास घ्या. नवीन प्लास्टिकचा थोडा वास येणारच, पण डोकं उठवणारा, जुन्या चपलेसारखा वास आला तर भंगारातलं पीव्हीसी वापरलेलं असू शकतं. हे काही लॅबचं सर्टिफिकेट नाही, नुसती चाळणी आहे. सर्टिफिकेट म्हणाल तर थॅलेट (पीव्हीसी मऊ करायला घालतात ते रसायन) नसल्याचा टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यावर मालाचं नाव तेच आहे का ते वाचा, दुसऱ्याच मालाचा रिपोर्ट दाखवणारेही भेटलेत मला.

लॅमिनेटला नाही का म्हणालो? त्याचा कोअर एचडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड. सुक्या खोलीत उत्तम, आणि एक गोष्ट त्याची व्हिनाइलपेक्षा भारी आहे, उदबत्तीचं निखारं पडलं तर लॅमिनेट बऱ्यापैकी सहन करतं, व्हिनाइलवर लगेच तपकिरी ठिपका उमटतो. पण आपल्याकडे फरशी पुसायची पद्धत काय तर बादली, ओलं फडकं, आणि दिवाळीला तर धुणंच. सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात आणि फुगलेली कड परत बसत नाही. वर वाळवीची भीती वेगळी. कोकणात तर मी लॅमिनेटचं काम घेतच नाही.

आणि आता वॉटरप्रूफ या शब्दाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. दुकानात पाण्याच्या टबमध्ये एसपीसीचा तुकडा बुडवून ठेवलेला असतो, महिनोन्‌महिने. तो तुकडा फुगत नाही हे खरंय. डब्ल्यूपीसीचा पण नाही फुगणार. म्हणजे त्या टबवरून दोघांतलं चांगलं कुठलं हे काहीच कळत नाही. आणि पट्टी वॉटरप्रूफ असली म्हणजे फ्लोअर वॉटरप्रूफ झालं असं नाही, पाणी भिंतीच्या कडेने खाली जातं आणि तिथे वाळायला वावच नसतो. नागपूरला एका घरी कूलर दोन महिने ठिबकत होता, वरून सगळं ठणठणीत, फक्त कुबट वास. आम्ही स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी) काढून तीन रांगा उचलल्या तर खाली जुन्या टाइलवर काळी बुरशी आणि फोम चिप्प भिजलेला. पट्ट्या पुसून परत वापरल्या, एकही फुगलेली नव्हती. म्हणजे मालाने शब्द पाळला, पण घराला बुरशी लागली ती लागलीच. म्हणून ओघळ पुसून घ्या, मॉप पिळून वापरा, फरशी धुण्याचं विसरा, आणि टाइलसाठी वापरतात ते अ‍ॅसिड घरकाम करणाऱ्या मावशींच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. किचनला नाही म्हणतोय त्याचं एक कारण हेच, आणि दुसरं म्हणजे गॅसची टाकी. ती ओढायचीच असते, कितीही ठरवलं तरी, आणि तिच्या बुडाच्या लोखंडी कड्याने जो ओरखडा जातो तो वेअर लेयर फाडून फोटोपर्यंत जातो. व्हिनाइलला घासून पॉलिश करता येत नाही.

आता पट्टी फिरवायचं काम. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी मिळते, कुठल्याही मिस्त्रीकडे असते. ती हॉलभर आडवी, उभी, तिरकी फिरवा आणि खाली कुठे फट दिसते बघा. सहा फुटांत ३ मिमीपर्यंत मी चालवून घेतो. ३ मिमी म्हणजे एकावर एक ठेवलेली साधारण दोन नाणी, ती फटीत सहज सरकली तर तिथे लेव्हलिंग कंपाउंड भरायला लागेल, आणि कुठे टाइलचा कोपरा वर आला असेल तर घासून उतरवायला लागेल. मग टाइल वाजवा, रबरी हातोडीने किंवा सरळ काठीच्या मागच्या टोकाने. जिथे बद्द आवाज येतो तिथे खाली पोकळ आहे. नुसती पोकळ असून हलत नसेल तर सोडून द्या, पण पाय दिल्यावर हलत असेल तर ती टाइल काढून सिमेंटने भरून घ्या. कारण क्लिकचं फ्लोअर जमिनीला चिकटलेलं नसतं, नुसतं ठेवलेलं असतं, आणि खाली खळगा असला की प्रत्येक पावलाला तिथला सांधा वर-खाली होतो. सहा महिने, आठ महिने, मग एक दिवस लॉक तुटतो. एसपीसी कडक असल्यामुळे खळग्यावर पुलासारखं उभं राहतं आणि लवकर तुटतं, डब्ल्यूपीसी थोडं जुळवून घेतं, हा एक मार्क त्याला द्यायला हवा. पण म्हणून लेव्हल न करता डब्ल्यूपीसी टाका असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

खालून फोम लावलेला असेल तर आणखी वेगळा फोम अंथरू नका. हा उद्योग लोक स्वतःहून करतात, जास्त मऊ होईल म्हणून, आणि दुकानदार आनंदाने विकतो. दोन गाद्या झाल्या की सांधा जास्त दबतो आणि परत तेच, लॉक तुटतो.

तुमच्या पश्चिमेच्या खिडकीबद्दल मी जरा जास्त लिहितो कारण इथे मी स्वतः आपटी खाल्लीय. ऊन थेट पडलं की व्हिनाइल तापतं आणि पसरतं. एसपीसी कमी पसरतं, डब्ल्यूपीसी जास्त, पण पसरतात दोन्ही. म्हणून चारी भिंतींपासून ८ ते १० मिमी जागा सोडायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक, लांबलचक हॉल, स्लायडिंगच्या बाजूला पोरांनी पट्ट्या अगदी ट्रॅकला टेकवून बसवल्या, फिनिशिंग छान दिसतं म्हणून, आणि मी बघून हो म्हणालो. एप्रिलमध्ये फोन. जाऊन बघतो तर खिडकीपासून तीन फुटांवर दोन पट्ट्यांचा सांधा वर उठलेला, कौलारू घराच्या छपरासारखा, खाली पेन्सिल सरकली असती. कडेची रांग काढली, कटरने सेंटीमीटरभर कापली, आणि दुपारी ऊन उतरल्यावर सगळं आपोआप खाली बसलं. खर्च माझा. तेव्हापासून ट्रॅकजवळ मी स्वतः जागेवर उभा राहतो. तुम्ही एवढंच करा की तिथे जाड पडदा लावा आणि मार्च ते मे दुपारी तो ओढा, नाहीतर रंगही उडतो आणि गालिचा उचलल्यावर खालचा पट्टा वेगळा दिसतो.

तीच गोष्ट फ्लोअरला खिळून टाकण्याची. दारामागचा मॅग्नेटवाला स्टॉपर, तो सुतार येऊन फ्लोअरमधून भोक पाडून खाली स्क्रू मारून जातो. झालं, तरंगतं फ्लोअर तिथे अडकलं, आता ते पसरायला लागलं की दुसरीकडे उठणार. स्टॉपर भिंतीला लावा. सरकत्या दाराचं मोठं वॉर्डरोब किंवा किचन ट्रॉल्या यांच्या खाली फ्लोअर घालू नका, आधी ते बसवा आणि त्यांच्या कडेपर्यंत फ्लोअर आणा. पलंग, सोफा, कपाट वर ठेवायला हरकत नाही.

दारांचं आधीच बघा. फ्लोअर साडेपाच-सहा मिमीने वर येणार, म्हणजे बऱ्याच घरांत दारं खालून रंधावी लागतात, आणि मेन डोअर जर लोखंडी पत्र्याचं असेल तर ते रंधता येत नाही, मग तिथे फ्लोअर दाराच्या फिरण्याच्या जागेबाहेर थांबवून पट्टी द्यावी लागते. हे काम सुरू झाल्यावर कळलं की सुतार शोधण्यात दोन दिवस जातात. कोटेशन घेताना पण स्क्वेअर फुटाचा दर ऐकून खूश होऊ नका, त्यात स्कर्टिंग, दारातल्या पट्ट्या, लेव्हलिंग, दारं रंधणं आणि १८ टक्के जीएसटी धरलंय का ते विचारा. दोन दुकानांच्या दरात फरक दिसतो तो अनेकदा इथेच असतो. कापाकापीसाठी आठ-दहा टक्के माल जास्त लागतो, आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का ते उतरवून घेतानाच बघा, बसवून झाल्यावर नाही. दोन दिवस बॉक्स त्याच खोलीत आडवे ठेवा, उभे नको.

देवघराचं विचारलं नाहीत पण सांगतो, समई आणि उदबत्तीखाली पितळेचं ताट किंवा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. तेल सांडलं तर पुसलं जातं, निखारं पडलं तर नाही.

आणि गॅलरीत पण तेच टाकू का असं शेवटी विचारलंय, तर नाही. तिथे पाऊस, ऊन दोन्ही. गॅलरीला टाइलच बरी.